मेंढपाळाची बिर्टे झाली त्याबद्दल

क्रुमेनबाख, मंगळवार, भट्टी निवल्यावर

तीर्थरूप टिल्डे मावशीला,

टाबेआचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलेली आहे. रविवारपासून मान वर करायची सोय राहिलेली नाही.) तुझी तब्येत बरी असेल. वीबेकाकांचा गुडघा काय म्हणतो, होडीत चढताना धरतो की उतरताना, हे आईने विचारायला सांगितलंय. तुमची मांजर परत आली का, हे मी माझ्या मनाने विचारते. इकडे आई बरी, बाबा बरे, थंडी यंदा लवकर पडली, आणि जमिनीने पोटात घेतलं तर बरं होईल इतपत मीही बरी आहे.

फोन का नाही केलास म्हणशील. मागच्या वेळी तू तिकडून "अगं, ऐकतेयस ना?" असं विचारत राहिलीस आणि मी इकडे जोरजोरात मान हलवत होते. शेवटी तू ठेवून दिलास. म्हणून पत्र. पत्रात मी फार बोलते. आई म्हणते, हिचं तोंडाचं सगळं हातात उतरलंय.

तर धक्का असा, की उलमान मास्तर माझ्याशी बोलत नाहीत. तेच उलमान मास्तर, ज्यांनी तुला आणि आईला कान धरून गायला शिकवलं, जे आपल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात आणि गाणाऱ्यांचं पथक चालवतात. म्हणजे रविवारपर्यंत चालवत होते. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून एकमत नाही (मोठ्याने वाचायला उभं केलं की माझा आवाज पायात जायचा), पण मास्तरांनी मला सोडलं नाही. सकाळी बेकरीतलं काम आटपलं की दुपारी त्यांच्याकडे जायचं, सूर वाचायचे, लिहायचे. त्यांच्यासमोर मी अख्खं वाक्य बोलते, क्रियापदासकट. अशी माणसं जगात तीन: आई, ते, आणि कागदावर तू. आणि आता त्यांना वाटतंय की त्यांच्या निरोपाच्या दिवशी, भर चर्चमध्ये, सगळ्या गावासमोर, मी त्यांना हसले. मी हसले नाही, मावशी. माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलं, पण ते अक्षरच होतं. शनिवारी सामानाची गाडी येणार आणि मास्तर रोस्टॉकला बहिणीकडे जाणार ते कायमचे. दार उघडत नाहीत. ते असं समजून निघून गेले, तर मी पुन्हा कुणाशी तोंड उघडेन असं मला वाटत नाही.

आता हे कसं झालं ते सांगते. त्यात तुझंही थोडं नाव येतं, आधीच सांगून ठेवते. राग नाही.

मास्तरांनी तरुणपणी केलेलं संध्याकाळचं गाणं तुला आठवत असेल. शब्दही त्यांचे, चालही त्यांची. त्याच्या हाताने उतरवलेल्या प्रती तुमच्या वेळेपासून चालत आल्या आहेत. कडा झिजल्या आहेत, कॉफीचे गोल डाग आहेत, आणि पेन्सिलीने लिहिलंय, "इथे श्वास", "इथे लोथार चुकतो". तर लोथारकाकांनी (ते आता पथकाचे अध्यक्ष आहेत, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले, पण शिट्टी अजून खिशात असते) ठरवलं, की निरोपाला हे गाणं म्हणायचं आणि ते कोऱ्या करकरीत छापील कागदावरून म्हणायचं. मास्तरांना सांगायचं नाही, त्यांना धक्का द्यायचा. धक्का द्यायचा हा शब्द लोथारकाकांचा आहे, हे नमूद करून ठेव. मग छापायचं कोणी? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. लोथारकाका म्हणाले, "हो म्हणाली."

तू तुमच्या तिकडच्या पथकासाठी ज्या प्रोग्रामवर गाणी छापतेस तो तूच मला पाठवलास, आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी मला तो फार आवडला. सूर उचलून रेघांवर ठेवायची भानगड नाही. नुसतं टाइप करायचं: सुराचं अक्षर, पुढे तो किती वेळ धरायचा त्याचा आकडा, पुन्हा अक्षर. मग हाक मारली की छापील पान बाहेर. म्हणजे केकची कृती कागदावर लिहायची आणि कागदातूनच केक निघतो. बेकरीत असं झालं असतं तर मला उजाडायच्या आत उठावं लागलं नसतं.

पण पहिलं पान निघालं आणि मी थिजले. सगळे सूर पाच रेघांच्या खाली, तळघरात जाऊन बसलेले. वरच्या पट्टीत गाणाऱ्या आमच्या बायका लोथारकाकांच्याही खाली. तुला पहिला प्रश्न विचारला, तुझं कार्ड आलं, की अक्षरापुढे वर एक टिकली दे, सूर मजला चढतो. मी दिली. भीतीपोटी दोन दोन दिल्या. मग सूर इतके वर गेले की प्रत्येकाला खालून शिडी लावावी लागली, आणि एक तर गाण्याच्या नावाच्याही वर जाऊन बसला, कौलांवर मांजर बसते तसा. ते निस्तरलं तर महिरपी कंस. एक कंस बंद करायचा राहिला की प्रोग्राम सांगतो, चूक शेवटच्या ओळीत आहे. मी शेवटच्या ओळीत जाऊन बघायची, तिथे काही नसायचं. हा माझा दुसरा प्रश्न. तू लिहिलंस, "चूक तो सांगतो तिथे कधीच नसते, वर वर बघत जा." (हे वाक्य मी बेकरीत भिंतीवर लावलंय. तिथेही लागू पडतं.)

आणि मग तिसरा प्रश्न. मावशी, इथून पुढे जरा बसून वाच.

आपल्याकडे सुरांमध्ये एक 'बे' असतो, म्हणजे B, आणि एक 'हा' असतो, म्हणजे H. मास्तरांनी मला हे शिकवलं तेव्हा बेकरीतला पाव हातात घेतला होता. म्हणाले, 'बे' म्हणजे हा आतला मऊ गर, आणि 'हा' म्हणजे वरचा कडक पापुद्रा. दोघांत अर्ध्या पायरीचा फरक, पण एकाच्या जागी दुसरा चावलास तर दात जाईल. तेव्हापासून माझं चुकूनसुद्धा कधी चुकलं नाही. मी गाणं टाइप केलं ते असंच, मऊ तिथे 'बे', कडक तिथे 'हा'. आणि प्रोग्राम प्रत्येक 'हा'वर अडून बसला. हे काय आहे, हे मला माहीत नाही, हा कोण. तुला विचारलं. तुझं कार्ड आलं, ते समोर आहे, जसंच्या तसं उतरवते: "हा प्रोग्राम आमच्या हॉलंडातला. इकडे 'हा' नसतो. 'हा' दिसेल तिथे 'बे' कर. काका मजेत."

मी केलं. तू मोठी आहेस, मी केलं. एक बटण असतं, या अक्षराच्या जागी ते अक्षर, सगळीकडे एकदम. दाबलं. पण तुमच्याकडे कडक सुराला जर 'बे' म्हणतात, तर आमच्या बिचाऱ्या मऊ 'बे'ला काय म्हणतात? त्याला 'बेस' म्हणतात, मावशी. हे मला रविवारी रात्री कळलं. हे लिहायला कार्डावर जागा होती. तिथे तू मांजराचं चित्र काढलंयस.

तर मऊ ते 'बे' होतेच, कडक होते तेही 'बे' झाले, आणि प्रोग्रामच्या मते सगळे कडक. गाण्यात मऊ म्हणून काही उरलं नाही, सगळी टोस्टची बरणी. छापील पानावर प्रत्येकाच्या मागे कुंपणाच्या तुकड्यासारखं ते कडकपणाचं चिन्ह आलेलं मला दिसत होतं. मला वाटलं, हॉलंडात असं लिहीत असतील. विचारायला हवं होतं, पण तीन प्रश्न विचारून झाले होते. चौथा विचारायची मला लाज वाटली.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी जगले असते. पण ते बटण. सगळीकडे म्हणजे सगळीकडे. सुरांखाली गाण्याचे शब्द होते, त्यातलेही सगळे 'हा' गेले आणि 'बे' आले. 'इख' (ich) म्हणजे मी, त्याचं 'इक्ब' (icb) झालं. 'हेर्त्स' म्हणजे काळीज, त्याचं 'बेर्त्स'. 'हिमेल', आकाश, त्याचं 'बिमेल', म्हणजे गाईच्या गळ्यातली घंटा. आई मागून डोकावून म्हणाली, "आकाशात घंटा कशाला गं?" प्रोग्रामची गंमत अशी, की त्याच्या स्वतःच्या हुकुमांची अक्षरं बिघडली तिथे त्याने बोंब मारली. देवाच्या शब्दांबद्दल चकार शब्द नाही. ते मीच एकेक शोधून, बोट ठेवून, दुरुस्त केले. जे वेडंविद्रं दिसलं ते सगळं दुरुस्त केलं.

एक शब्द वेडाविद्रा दिसला नाही. तुला गाण्याचा शेवट आठवतो का? "हिर्टे, अंधारून आलं, तू आम्हाला घरी ने." हिर्टे म्हणजे मेंढपाळ, म्हणजे आपला देव. 'हा' जाऊन 'बे' आला की काय होतं, ते तू मनातल्या मनात म्हणून बघ. तुला त्यात काही वाटणार नाही, कारण तू हॉलंडला गेल्यावर त्या इथे आल्या. मी ज्या बेकरीत काम करते ती बिर्टेबाईंची. समुद्राकडच्या आहेत, आपल्या या डोंगरात त्या नावाची दुसरी बाई नाही. दारावरच्या पाटीवर बिर्टे, पिशव्यांवर बिर्टे, माझ्या एप्रनवर छातीवर बिर्टे. ते नाव मी आरशात उलटंसुद्धा वाचते. माझं बोट त्याच्यावरून गेलं आणि डोळ्यांना वाटलं, हे तर बरोबर आहे.

रविवार. चर्च भरलेलं. बिर्टेबाई तिसऱ्या रांगेत, नंतरच्या कॉफीसाठी त्यांनी आयरशेके केकचे दोन मोठे ट्रे आणले होते. मास्तर वर ऑर्गनपाशी, पाठमोरे, पथकाकडे आरशातून बघत. लोथारकाकांनी नवे कागद वाटले आणि सगळ्यांनी वास घेतला. मी दुसऱ्या ओळीत, लोथारकाकांच्या पाठीमागे. (मी तिथेच उभी राहते. ते रुंद आहेत.)

मास्तर वाजवत होते मनातून, म्हणजे मऊ. पथक गात होतं कागदावरून, म्हणजे कडक. तुला वाटेल, गाणं पाठ होतं, तर चुकीचं का गायले? मावशी, तुला मास्तरांचा नियम आठवत नाही का? "जे लिहिलंय ते गा, तुम्हाला जे वाटतं ते घरी जाऊन गा." उभी हयात त्यांनी हे आमच्या टाळक्यात ठोकलं. हाताच्या कागदाशी माणूस भांडतो, इथे डाग आहे, तिथे लोथार चुकतो. छापील कागदाशी आपल्या गावात कोण भांडतं? पहिला 'बे' आला आणि असा आवाज झाला, जसं काही मांजर दारात सापडलं आणि दारालाही लागलं. पहिल्या रांगेतल्या क्रेट्श्मार आजींनी कानातलं यंत्र काढून त्यावर टिचकी मारली, परत घातलं, परत काढलं. वरच्या पट्टीतल्या बायकांचे चेहरे पांढरे, पण गात होत्या. लोथारकाका कागदावर बोट ठेवून गात होते, जसं काही गाडी वेळेवर आहे आणि घड्याळंच चुकली आहेत. मी तोंड उघडलं होतं, आत काही नव्हतं. प्रत्येक कुंपण मला आता दिसायला लागलं होतं, एकेक करून.

मास्तरांनी ऑर्गनवरून हात उचलले. पथक थांबलं नाही, कारण थांबा असं छापलेलं नव्हतं. आणि मग त्या शांततेत, बाजाशिवाय, अगदी स्वच्छ, चार आवाजांत:

"बिर्टे, अंधारून आलं, तू आम्हाला घरी ने."

मावशी, नाव तर आहेच, पण 'तू'. आपल्याकडची रीत तू विसरली नसशील. मास्तर आणि बिर्टेबाई, रोज सकाळी एक पाव घेणारे आणि एक पाव देणाऱ्या, इतकी वर्षं 'तुम्ही'वर. "कसे आहात मास्तर?" "तुमच्या कृपेने बाई." 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचं, तर एकाने रीतसर विचारायचं, दुसऱ्याने हो म्हणायचं, पेल्याला पेला लावायचा. काही जण लग्नाच्या आधी फक्त एक दिवस 'तू'वर येतात. आणि इथे मास्तरांच्या स्वतःच्या गाण्यात, त्यांच्या निरोपाला, अख्ख्या पथकाने बाईंना अगं-तुगं केलं, आणि वर अंधारात घरी ने म्हणून सांगितलं.

चर्चमधली सगळी डोकी एकदम तिसऱ्या रांगेकडे वळली. मग एकदम वर मास्तरांकडे. मास्तर वळले होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग मी सांगू शकत नाही, असा रंग भट्टीतही होत नाही. आणि त्याच वेळी, मावशी, माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं, बटण, तुझं कार्ड, मांजर, सगळं. मला वाटलं, आत्ता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही. मी लोथारकाकांच्या मागून बाहेर आले. जन्मात पहिल्यांदा सगळ्यांसमोर उभी राहिले. मला म्हणायचं होतं, "'हा' हवा होता, तिथे 'हा' होता." आणि माझ्या तोंडून निघालं:

"हा… हा… हा…"

पुढचं पायात गेलं.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचं मी काही लिहीत नाही. खाली बिर्टेबाई उभ्या राहिल्या होत्या, आणि अगदी गंभीरपणे विचारत होत्या, "घरी? सगळ्यांना? माझ्याकडे खुर्च्या सहा आहेत." त्यावर अख्खं चर्च हसलं, पाद्रीसुद्धा. पण पहिलं हसू माझं धरलं गेलं. मास्तर बाजूच्या जिन्याने उतरले, कबरस्तानाच्या फाटकातून गेले, निरोपाचा केक त्यांनी खाल्ला नाही. बाकी सगळ्यांनी खाल्ला.

तेव्हापासून बेकरीत रांग लागते ती पावासाठी नाही. क्रेट्श्मार आजी रोज दोनदा येतात. "इतकी वर्षं तुम्ही-तुम्ही, आणि एकदम चार आवाजांत तू. आमच्या ह्यांनी तर एका आवाजात विचारलं होतं," असं म्हणून एक छोटा पाव घेतात. बिर्टेबाई सुटे परत देतात आणि काही बोलत नाहीत. समुद्राकडची माणसं शब्द जपून वापरतात. मलाही काही विचारत नाहीत, आणि मी पिठाच्या गोणीमागे असते.

मास्तरांकडे मी काल गेले होते. घंटी वाजवली. आतून पावलं आली, दाराशी थांबली. "कोण आहे?" मी सगळं वाक्य पाठ करून गेले होते. सुरुवातच चुकली, वाक्य 'हा'ने सुरू होत होतं. मी म्हटलं, "हा…" आतून मास्तर म्हणाले, "पुरे, टाबेआ. एकदा ऐकलं." पावलं परत गेली. ते रागावून म्हणाले असते तर मी रडले असते. ते दमून म्हणाले.

म्हणून, मावशी, एवढं कर. तुझं ते ऐकतील. हे पत्र मिळालं की लगेच त्यांना फोन कर आणि सांग, की पोरगी हसत नव्हती, ती अक्षर म्हणत होती, आणि 'बे'चं अर्धंच मी तिला सांगितलं होतं. शनिवारच्या आत. नंतर ते रोस्टॉकला, आणि मी आयुष्यभर गोणीमागे.

काकांच्या गुडघ्याला आणि स्वतःला जप, असं आमच्या सगळ्यांकडून. मोठ्यांना नमस्कार, धाकटं माझ्याशिवाय कुणी नाही.

तुझीच,
टाबेआ

ता. क. (बुधवार) पाकीट बंद केलं होतं, पण तिकीट नव्हतं, म्हणून किटलीच्या वाफेवर परत उघडलं. आज सकाळी बिर्टेबाईंनी गोणी बाजूला सरकवली. मागे मी होते. म्हणाल्या, "टाबेआ, माझं नाव त्यात कुणी घातलं?" मग मी ओट्यावरच्या पिठात बोटाने 'हिर्टे' लिहिलं. 'हा' पुसला. तिथे 'बे' काढला. त्या बघत राहिल्या.

"म्हणजे मास्तरांनी नाही," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. "लोथारनेही नाही." नाही. "कुणीच नाही."

मावशी, हे 'कुणीच नाही' त्या ज्या आवाजात म्हणाल्या, तो मऊ होता. मला कळतो, मी तेच शिकले आहे. मग त्यांनी कणकेचा गोळा त्याच पिठावर आपटला. माझी सगळी कैफियत पावात गेली, आणि गावात कुणीतरी ती लोणी लावून खाल्ली असेल. तरी तू फोन करच.

ता. क. दुसरा (गुरुवार) फोन करू नकोस. तिकीट आणलंय, पण आधी हे ऐक.

सकाळी भट्टीतून सगळ्यात शेवटी एक विचित्र पाव निघाला. दोन उभे खांब, मध्ये एक आडवी पट्टी. हातभर लांबीचा 'हा', वरून चांगला कडक. बिर्टेबाईंनी एप्रन काढला, दुकानाला भर सकाळी कुलूप लावलं (क्रेट्श्मार आजी रांगेतच उभ्या राहिल्या) आणि मला म्हणाल्या, "चल." मास्तरांच्या दारात त्यांनी घंटीवर बोट ठेवलं ते काढलंच नाही. मास्तरांना उघडावं लागलं. मागे नुसती खोकी दिसत होती.

बिर्टेबाईंनी पाव पुढे केला. "मास्तर, हा."

"हा काय?" मास्तर म्हणाले.

"हा हा. रविवारी पोर हेच म्हणत होती. तुम्ही तिला अक्षरं शिकवलीत आणि एक अक्षर म्हणाली तर ओळखलं नाहीत."

मास्तर पावाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग आत जाऊन तो छापील कागद घेऊन आले. (मला वाटलं होतं जाळला असेल.) खोक्यावर बसून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, आणि मावशी, बिर्टेबाईंचं नाव यायच्या कितीतरी आधीच ते संतापले. "हे कुंपण इथे? आणि इथे? हे माझे सगळे मऊ कुठे गेले? माणसाला निरोप द्या, नाव घाला, पण माझा 'बे' काय म्हणून भाजलात?" मी सगळं सांगितलं. अख्ख्या वाक्यांत. बटण, कार्ड, मांजर. मास्तर म्हणाले, "आणि चौथा प्रश्न का नाही विचारलास, गाढवे?" मी म्हटलं, "तीन झाले होते." त्यावर ते खोक्यावर बसल्या बसल्या हसायला लागले, हा हा हा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि बिर्टेबाई म्हणाल्या, "आता हे अक्षर आहे की हसू?"

मी जायला हवं होतं, पण दारात बिर्टेबाई उभ्या होत्या आणि त्यांना सरका म्हणायचं धाडस मला नव्हतं.

"आणि ते नाव?" बिर्टेबाईंनी विचारलं.

"ती छपाईची चूक," मास्तर म्हणाले. त्यांचा परत तो रंग झाला.

"बरं. आणि 'तू'? तीही छपाईची?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, कागदावर बघितलं. "नाही," ते म्हणाले. "'तू' मूळ प्रतीत आहे."

"मग असू दे," बिर्टेबाई म्हणाल्या.

पेले सगळे खोक्यांत बांधलेले. म्हणून त्यांनी पाव घेतला आणि मोडला. 'हा' बरोबर मधोमध मोडतो, दोन सारखे तुकडे होतात, हे मला इतकी अक्षरं टाइप करून माहीत नव्हतं. तुकड्याला तुकडा लावला आणि खाल्ला. मला पट्टीतला मधला कण मिळाला. मऊ होता.

ता. क. तिसरा (शनिवार) खरं पत्र इथून सुरू होतं, वरचं सगळं आता जुनं झालं, हवं तर वाचू नकोस.

सामानाची गाडी आली होती. मास्तरांनी तिच्यातून बहिणीचं कपाट तेवढं पाठवलं, बाकीचं नाताळ झाल्यावर बघू म्हणाले. तोवर पथकाला शिकवायला दुसरं कुणी नाहीच. नाताळच्या आधीच्या पहिल्या रविवारी तेच गाणं परत म्हणायचंय आणि त्याची नवी छपाई माझ्याकडेच आहे. सगळे मऊ परत मऊ करायचे, सगळे कडक कडक, हे मला आता येतं, 'बेस' कळलंय. शब्दही तपासले. मास्तरांनी तांबड्या पेन्सिलीने सगळ्या चुका दाखवल्या, फक्त शेवटच्या ओळीतला तो एक शब्द तसाच ठेवला. लोथारकाका म्हणाले, "मास्तर, हा राहिला." मास्तर म्हणाले, "छापलंय ते छापलंय."

उलट त्याच्यावरचा सूर त्यांना वाढवून हवाय. 'बिर' नेहमीसारखा, पण 'टे' तिथे संपवायचा नाही, रेघ ओलांडून पुढच्या घरात न्यायचा, मध्ये श्वास न घेता. त्यासाठी तुझ्याच नावाचं ते नागमोडी चिन्ह घालतात, दोन सूर बांधणारं, एवढं मला माहीत आहे. म्हणून माझा चौथा प्रश्न, मावशी: टिल्डे पहिल्या सुराच्या आधी येते की नंतर?

लगेच कळव. आणि कार्डावर आधी पूर्ण उत्तर लिही, मग जागा उरली तर मांजर.